फायबरची जुनी होडी घेताना तडे कसे तपासले

मामा चांदोदला राहतात आणि त्यांचा केळीचा मळा नर्मदेच्या पलीकडच्या काठावर आहे. गाडीने जायचं तर पोईच्याच्या पुलावरून लांबचा फेरा पडतो, होडीने गेलं तर अर्धा तास सुद्धा लागत नाही, त्यामुळे घरची होडी ही गोष्ट आम्हाला लहानपणापासून माहीत. लाकडी होती. सप्टेंबर २०२३ च्या पुरात, म्हणजे चांदोद, करनाळी ते खाली भरूचपर्यंत सगळीकडे पाणी शिरलं होतं ना, त्या पुरात ती दोर तोडून गेली ती परत सापडलीच नाही. मग मामा दुसऱ्यांच्या होडीतून जायचे, खताच्या गोण्या त्यांच्या सवडीने न्यायच्या, मजूर ताटकळत बसायचे, शेवटी म्हणाले की आता फायबरची बघू या, लाकडाला दरवर्षी डांबर लावणं आणि भेगा भरणं माझ्याच्याने होत नाही. नवीन बजेटच्या बाहेर, म्हणून जुनी. आणि जुनी म्हटल्यावर ती नीट बघून घ्यायची जबाबदारी माझ्यावर आणि दादावर आली. दादा मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये क्वालिटीला आहे, वेल्डिंगमधले तडे शोधणं हे त्याचं रोजचं काम, आणि माझं फायबरच्या टाक्या, डक्ट, कूलिंग टॉवरची पॅनल रिपेअर करायचं काम आहे. होडी मात्र दोघांनाही नवीन.

आम्ही बडोद्याचे लोक होडीचा विचार करताना हरणी तलाव विसरू शकत नाही. १८ जानेवारी २०२४ ला तिथे होडी उलटून शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि २ शिक्षिका दगावल्या. तिथली कारणं वेगळी होती, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवलेली, सगळ्यांना लाइफ जॅकेट नाहीत, पण त्यानंतर घरात होडी हा शब्द काढला की आई गप्प व्हायची. म्हणून ठरवलं की घाई करायची नाही, स्वस्त मिळतेय म्हणून घ्यायची नाही, आणि जी भेग दिसेल ती का पडली हे कळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून आधीच लिहितो. जुन्या फायबरच्या होडीला तडे असतातच. तडा किती लांब, किती रुंद हे बघून काही कळत नाही, तो कशामुळे पडला आणि त्याच्या बरोबर मागे आतल्या बाजूला काय आहे हे बघितलं की कळतं. फायबर म्हणजे एकसंध प्लास्टिक नसतं. साच्यात आधी जेलकोट मारतात, तो बाहेरचा रंगीत चकचकीत थर, साधारण अर्धा मिलिमीटर. त्याच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि विणलेलं जाड कापड, म्हणजे रोव्हिंग, रेझिनमध्ये भिजवून, रोलरने हवा काढत एकावर एक बसवतात. ताकद सगळी त्या काचेच्या थरांत, त्यांनाच लॅमिनेट म्हणतात. जेलकोट कडक असतो, मागचं लॅमिनेट थोडं वाकून परत जागेवर येतं पण जेलकोटला तेवढं वाकता येत नाही, तो तडकतो. म्हणजे नुसता जेलकोट तडकला असेल तर पॉलिश आणि फिलरचं काम, पण तोच तडा जर मागचं लॅमिनेट रोज जास्त वाकतंय म्हणून पडला असेल तर तो खूण आहे, आजार आत आहे.

पहिली जी होडी बघितली तिच्यावर जास्त लिहीत नाही. नुकताच रंग मारलेला, तळ आतून नवीन फ्लोअर टाकून पूर्ण बंद केलेला, आणि फ्लोअरचं एक झाकण उघडून दाखवा म्हटलं तर मालक तयार नाहीत. आम्ही चहा पिऊन निघालो. ज्या होडीचा तळ आतून बघता येत नाही ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग ती कितीही देखणी असो. ताजा रंग म्हणजे फसवणूकच असं नाही, लोक विकायच्या आधी रंग मारतातच, पण रंगाखालचा तडा दिसत नाही आणि आतून बघायची सोय पण नसेल तर तपासायचं कुठून.

दुसरी होडी भरूचच्या खाली भाडभूतच्या बाजूला होती, बडोद्यापासून हायवेने ७०-७५ किलोमीटर भरूच आणि पुढे आतला रस्ता. पावसाळ्यात तिथे हिलसाचं मासेमारीचं मोठं काम चालतं, आणि विकणाऱ्या भाईंनी मोठी होडी घेतली होती म्हणून ही १८ फुटी काढायची होती. भाईंनी पहिल्यांदाच सांगितलं, "जेटलुं जोवुं होय एटलुं जोइ लो," म्हणजे हवं तेवढं बघून घ्या. रंग उडालेला, काठाला गाळ चिकटलेला, पण सगळं उघडं. मला तिथेच अर्धा विश्वास बसला.

एक गोष्ट करा, होडी बघायला दुपारी जाऊ नका. डोक्यावरच्या उन्हात पांढऱ्या जेलकोटवरचं काही दिसत नाही, नुसते डोळे दिपतात. आम्ही पहाटे बडोद्याहून निघून ऊन तिरपं असतानाच पोचलो, आणि जिथे सावली होती तिथे टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरला, की लगेच प्रत्येक चीर, प्रत्येक जुना पॅच, प्रत्येक फुगवटा उठून दिसायला लागतो. होडीच्या मागे उभं राहून एका डोळ्याने पूर्ण लांबीवर नजर टाकली की तळ कुठे खोलगट झालाय का ते पण कळतं. त्याच्याआधी गोड्या पाण्याने धुऊन घेतली, भाईंच्या मुलाने पंप लावून दिला, गाळाखाली तडा झाकलेला राहतो. भरूचपर्यंत भरतीचं खारं पाणी येतं आणि मीठ बसलेलं असलं की पृष्ठभाग ओलसर राहतो, मग ओल मोजायचा मीटर पण चुकीचं दाखवतो.

तर धुतल्यावर तडे बरेच दिसले. मामा बरोबर होते, ते एकदम नाराज झाले, म्हणाले चला रे, ही तर फुटकी आहे. दादा म्हणाला मामा, थांबा तुम्ही, एकेक बघू.

वरच्या काठावर, म्हणजे जिथे बसताना हात ठेवतो तिथे, बारीक जाळी होती, कुठलीही दिशा नसलेली, सगळीकडे सारखी पसरलेली. ही उन्हाने आणि जेलकोट जाड मारला गेल्याने होते, वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या टाक्यांवर मी हेच बघतो. याने होडी बुडत नाही, फक्त दिसायला वाईट आणि रंग मारायच्या आधी घासावं लागतं. ते सोडून दिलं.

पुढच्या टोकाला पाण्याच्या रेषेच्या जरा वर एक तारा होता, एका बिंदूतून सगळीकडे किरण गेलेले, तळहाताएवढा. हा आपटल्याचा तडा. धक्क्याला, दगडाला, दुसऱ्या होडीला, कशालाही. त्यात बघायचं ते मागच्या बाजूला, कारण आपटल्यावर कधी कधी बाहेर छोटा तारा दिसतो आणि आत लॅमिनेट चुरगळलेलं असतं, काचेचे थर एकमेकांपासून सुटले की ती जागा आतून पांढरट दिसते. मी आत वाकून टॉर्च मारला, तिथे लॅमिनेट सगळीकडे सारख्या रंगाचं होतं, पांढरा डाग नाही. मग ठोकून बघितलं. हे ठोकणं म्हणजे माठ घेताना आपण टिचक्या मारून आवाज ऐकतो तेच, फक्त इथे स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ. चांगल्या जागी कडक खणखणीत आवाज येतो, थर सुटलेले असतील किंवा आत पाणी असेल तर भद्द. आधी जिथे नक्की चांगलं आहे अशा ठिकाणी ठोकून कान तयार करायचा, आत बाक किंवा पट्टी असली की आवाज तसाही बदलतो, ते धरून चालायचं. ताऱ्याभोवती आवाज चांगला होता. तिथे खडूने बरोबरची खूण केली.

तिसरे जे तडे होते त्यांच्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. तळाला, उजव्या बाजूला, समांतर चार-पाच रेघा, प्रत्येकी वीतभर, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. बाहेरून बघितलं तर ताऱ्यापेक्षा कितीतरी बारीक, नखाला जेमतेम लागणाऱ्या. भाई म्हणाले, "ए तो उपरनी तिराड छे, अंदर कंइ नथी," म्हणजे चीर वरवरची आहे, आत काही नाही, आणि ते खोटं बोलत होते असं मला अजिबात वाटत नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण समांतर रेघा म्हणजे एका रेषेवर वाकणं. तळ एका बाजूला मोकळा लवचीक आणि दुसऱ्या बाजूला काहीतरी कडक, त्या हद्दीवर लाटेच्या प्रत्येक आपटीला जेलकोट वाकतो आणि तडकतो. तर हद्द कुठे आहे ते शोधायचं. टेपने बाहेरून काठापासून अंतर घेतलं, आतून तेच अंतर मोजलं, आणि बरोबर तिथे आतली लांब पट्टी, स्ट्रिंगर, मधल्या बाकाच्या खाली संपत होती.

स्ट्रिंगर म्हणजे तळाला ताठ ठेवणारी लांब पट्टी, आत लाकूड आणि वरून फायबर गुंडाळून तळाला दोन्ही बाजूंनी चिकटवलेली. ती चिकटवलेली बाजू सुटली तर तळ पट्टीपासून वेगळा हलायला लागतो. दादाने खिशातून फीलर गेज काढलं, ते पातळ पात्यांचं साधन, त्याच्या शॉपमध्ये गॅप मोजायला वापरतात, आणि पट्टीच्या कडेला लावलं तर अर्ध्या मिलिमीटरचं पातं सरळ आत गेलं, हातभर लांबीपर्यंत कुठेही सरकवा. मी बाहेरून तळाला दोन्ही हातांनी दाब दिला तेव्हा दादाला आतून ती फट उघडझाप करताना दिसली. ठोकलं तर तिथे भद्द, साधारण एका ताटाएवढ्या जागेत. मामांना बोलावून हात लावायला दिला, भाईंना पण. भाई बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की गेल्या वर्षी जाळ्याचा मोठा भार त्याच बाकावर असायचा आणि मग सांगितलं की ओहोटीला होडी कडक जागेवर बसायची.

आता दादाचा हट्ट होता डीपी टेस्ट करायचा. वेल्डिंगवाल्यांना माहीत असेल, लाल पेनिट्रंट मारायचं, ते बारीक तड्यात उतरू द्यायचं, पुसायचं, वरून पांढरा डेव्हलपर, मग तड्यातलं लाल वर येऊन रेघ उमटते. त्याने किट आणलं होतं. माझा थोडा विरोध होता कारण ते तेलकट रसायन तड्यात गेलं की नंतर तिथे रेझिन नीट धरत नाही, आणि जुना जेलकोट खडूसारखा भुसभुशीत झालेला असतो तो सगळीकडे लाल पितो, मग खोट्या खुणाच जास्त. शेवटी असं ठरलं की ज्या तड्याला नंतर घासून काढायचंच आहे तिथेच करायची, आणि आधी बारीक पाण्याच्या पेपरने जागा घासून घ्यायची. पट्टीवरच्या तड्यांवर केली. रेघा डोळ्याला दिसत होत्या त्यापेक्षा दोन्ही टोकांना इंच-दीड इंच पुढे गेलेल्या निघाल्या. एवढंच कळतं त्याने, लांबी. खोली नाही कळत. घरी करायचं असेल तर साधं परमनंट मार्कर चोळून थिनरच्या फडक्याने पुसलं तरी तड्यातली शाई राहते आणि रेघ दिसते, किट लागतच असं नाही.

खोली कळायला घासावंच लागतं, आणि त्याला मालकाची परवानगी लागते. भाईंना मी सरळ सांगितलं की मी दोन ठिकाणी रुपयाएवढं घासणार, होडी नाही घेतली तरी ते भरून देणार. ते हो म्हणाले. ताऱ्याच्या मधे घासलं तर पांढरा जेलकोट संपला, खाली पारदर्शक हिरवट तपकिरी लॅमिनेट लागलं आणि तडा तिथे संपला, एक रेघ पुढे नाही. पट्टीवर घासलं तर जेलकोट गेल्यावर सुद्धा रेघ पुढच्या मॅटमध्ये चाललेली आणि धागे पांढरे पडलेले. आरपार नव्हती, पण आरपार जायच्या वाटेवर होती. बाहेरून बघताना ज्याला मामा फुटकं म्हणत होते तो तारा निरुपद्रवी आणि ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं त्या रेघा खऱ्या, हे मी इथे मुद्दाम लिहितोय कारण होडी बघायला जाणारा प्रत्येक माणूस ताऱ्याकडेच धावतो.

मग मागचा ट्रान्सम, मशीन म्हणजे होडीचं इंजिन लटकतं ती आडवी भिंत. दोन्ही वरच्या कोपऱ्यांत एकेक तिरपी चीर. मशीन लावलेलंच होतं, त्याचा खालचा भाग धरून वरखाली झुलवलं की ट्रान्सम हलतो का ते बघायचं, मी झुलवत होतो आणि दादा चीर उघडते का ते बघत होता. थोडी उघडत होती. ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून पाणी आत जाऊन ते कुजतं, बाहेरून फायबर तसंच राहतं. मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजायचा, एका सुताराकडून आणला होता, लाकडाचा, त्याच्यावर जो टक्का येतो तो फायबरवर खरा नसतो, पण एका जागेची दुसरीशी तुलना करता येते, आणि खाली खाली जावं तसा आकडा चढत होता. रंगात धातू असेल किंवा मागे धातूची प्लेट असेल तरी आकडा चढतो म्हणून नुसत्या मीटरवर जाऊ नये. आतल्या बाजूने ३ मिलिमीटरच्या ड्रिलने तीन भोकं पाडली. वरच्या भोकातून कोरडा पिवळसर भुसा आला. सगळ्यात खालच्यातून काळा, ओला, वास मारणारा लगदा. मधल्यात कोरडा पण गडद. म्हणजे खालचा साधारण एक तृतीयांश गेलेला. भोकं लगेच इपॉक्सीने बंद केली, हे विसरू नये, आपण तपासायला पाडलेलं भोकच उद्या पाणी आत नेतं.

तळाला फोड शोधले. पॉलिएस्टर रेझिनच्या होडीत पाणी हळूहळू जेलकोटमधून आत झिरपतं, आत रासायनिक क्रिया होऊन आम्लासारखं द्रव तयार होतं आणि फोड येतात, फोडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. आणि गंमत बघा, हे खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या आणि कोमट पाण्यात जास्त होतं. ही होडी आजवर खाऱ्यात होती, आता चांदोदच्या गोड्या पाण्यात जाणार, त्यामुळे आत्ता फोड नाहीत याने मी निश्चिंत झालो नाही. मामांना तेव्हाच सांगितलं की काम झालं की होडी वाळूवर ओढून ठेवायची, दिवसेंदिवस पाण्यात बांधून ठेवायची नाही.

पुढच्या बाकाखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला होता आणि तो बंद होता, तो फोडून बघणं भाईंना मान्य नव्हतं, आणि ते रास्तच होतं. म्हणून वजन. जुना फोम पाणी पितो आणि मग होडी जड होते, बघून कळत नाही. मी अंदाज काढला, तळ आणि बाजू मिळून साधारण १० चौरस मीटर, ६ मिलिमीटर जाडी, हाताने बनवलेल्या फायबरची घनता पाण्याच्या दीडपट, म्हणजे नुसतं कवच ९०-१०० किलो, वर बाक, पट्ट्या, ट्रान्सम, काठ धरून १७०-१८० च्या आसपास असायला हवी. टोकन देऊन ठरलं की छोटा हाथी टेम्पो आणायचा, रिकामा काट्यावर न्यायचा, मग होडी चढवून परत काट्यावर, आणि बाकीचे पैसे काट्यावर. मशीन वेगळं उतरवलेलं. वजनाच्या फरकाने होडी २१० भरली. काटा १० किलोच्या टप्प्यात दाखवतो त्यामुळे अचूक नाही, पण ७०-८० किलो जास्त निघाली असती तर मी परत पाठवली असती. ३०-४० किलो म्हणजे ट्रान्सममधलं पाणी आणि थोडा फोम, हे आम्ही धरलंच होतं.

भाव. भाई ९० हजार म्हणत होते मशीन सोडून. आम्ही भांडलो नाही, दादाने एका कागदावर पट्टीचं काम, ट्रान्समचं काम, रेझिन, कापड, प्लाय, रंग असा खर्च लिहून त्यांच्यासमोर ठेवला, सगळ्या जागा त्यांनी स्वतः हात लावून बघितलेल्या होत्या. ५८ ला झालं. मला वाटतं विकणाऱ्यासमोर, त्याला बरोबर घेऊन तपासलं की भाव करणं सोपं जातं, पाठीमागे कुजबुज करून एकदम आकडा टाकला तर माणूस दुखावतो. मशीन लागणाऱ्या होडीला २०२१ च्या इनलँड व्हेसल्स ॲक्टखाली नोंदणी आणि तपासणी लागते, त्यामुळे जुने कागद, मशीनचा नंबर आणि लेखी विक्रीपत्र त्याच दिवशी घेतलं.

रिपेअर चांदोदला मामांच्या अंगणात, आंब्याखाली. आधी कितीतरी वेळा गोड्या पाण्याने धुतली, मीठ राहिलं तर ओल सुटत नाही, मग उलटी करून सावलीत वाळत ठेवली आणि मीटरचे आकडे उतरून एका जागी थांबेपर्यंत हात लावला नाही. मामा रोज विचारायचे झालं का, झालं का. ही वाट बघणं सगळ्यात कठीण, पण ओल्या लॅमिनेटवर पॅच मारला तर तो पहिल्या मोसमातच सुटतो, टाक्यांच्या कामात मी हे शंभर ठिकाणी बघितलंय.

पट्टीच्या जागी आतून जाडीच्या बारापट लांब उतार देऊन घासलं, ६ मिलिमीटर जाडी म्हणजे चारी बाजूंना साधारण ७२ मिलिमीटर. लोक तडा व्ही आकारात खोदून त्यात पुट्टी भरतात आणि वर रंग, त्याला ताकद शून्य, कारण तुटलेल्या धाग्यांवरून नवे धागे लांबपर्यंत गेलेच नाहीत. जुन्या घट्ट झालेल्या फायबरला इपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा चांगलं धरतं म्हणून जोडाला इपॉक्सी वापरलं, आणि इपॉक्सीबरोबर नेहमीची चॉप्ड, म्हणजे तुकडे केलेल्या धाग्यांची मॅट घेतली नाही, विणलेलं कापड घेतलं, कारण मॅटमधला धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट ताठ राहते आणि नीट बसत नाही. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट वाळत नाही म्हणून बाहेरून त्या जागेला पीयू (पॉलीयुरेथेन) पेंट. ताऱ्याला मात्र साधा जेलकोट भरला.

मे महिना होता, पारा चाळीसच्या वर, रेझिन भांड्यातच उकळायला लागतं, त्यामुळे सगळं काम पहाटे, थोडं थोडं मिसळून. पॉलिएस्टरचं हार्डनर, एमईकेपी, एक टक्क्याच्या आसपासच ठेवलं. ते डोळ्यात गेलं तर डोळा जातो, चष्मा घालाच, आणि रेझिन लवकर घट्ट करणारं कोबाल्ट ॲक्सिलरेटर व हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, स्फोट होतो, कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं मगच हार्डनर. घासताना मास्क, पूर्ण बाह्या, आणि मामींची वाळवणं त्या दिवसात गच्चीवरून आत, काचेची धूळ कुठेही जाते.

ट्रान्समचं प्लाय आतल्या बाजूने कापून पूर्णच काढलं, खालचं एक तृतीयांश बदलून जोड ठेवण्यात अर्थ नव्हता, नवीन मरीन प्लाय इपॉक्सी पाजून बसवलं आणि बोल्टची भोकं आधी मोठी पाडून, इपॉक्सीने भरून, त्याच्यात परत पाडली, म्हणजे बोल्टचा लाकडाशी संबंधच नाही. शेवटी होडी जुन्या टायरांवर सगळीकडून आधार देऊन ठेवली आणि आत गेरू कालवून दोन-अडीच इंच पाणी भरलं, रात्रभर. यापेक्षा जास्त भरू नका, एवढंच पाणी दोन-तीनशे किलो होतं आणि जमिनीवर होडीला तो भार झेलायची सवय नसते. सकाळी तड्यांच्या सगळ्या जागा बाहेरून कोरड्या, फक्त पाणी सोडायच्या बुचाभोवती लाल ओल. तिथे फायबरची कापलेली कड उघडीच होती, ती सील केली.

होडी पाण्यात घालायच्या आधी प्रत्येक जुन्या तड्याच्या टोकाची जागा आतल्या बाजूला मार्करने आखून तारीख लिहून ठेवली, आणि मामांकडून कबूल करून घेतलं की गोण्या मधल्या एका बाकावर रचायच्या नाहीत, तळाला फळी टाकून पसरायच्या, आणि बसणाऱ्या प्रत्येकाने जॅकेट घालायचं, मजुरांनी सुद्धा. आई आली होती बघायला, तिने सगळी जॅकेटं स्वतः मोजली.

पावसाळ्यात होडी वरच बांधलेली होती, दिवाळीनंतर पाणी उतरलं तेव्हापासून रोज चालू आहे. परवा उलटी करून पाहिली. पट्टीवर काही नाही, ठोकल्यावर आवाज सगळीकडे सारखा, फीलर गेज कुठेच जात नाही. तारा होता तिथे रंगाचा फरक दिसतो तेवढाच. ट्रान्समच्या डाव्या कोपऱ्यात मात्र अर्ध्या इंचाची एक नवीन बारीक रेघ आहे, मशीनच्या क्लॅम्पच्या बरोबर खाली. घासून पाहिली, जेलकोटमध्येच आहे, मागे प्लाय कोरडं. कारण मला क्लॅम्पचा दाब एका छोट्या जागेवर येतो हेच वाटतं, दादाचं पण तेच म्हणणं आहे. टोकाला तारीख लिहिली आहे, आणि दादा रविवारी ॲल्युमिनियमची रुंद प्लेट कापून आणतोय, ती क्लॅम्पखाली बसवून महिन्याने परत बघू.